प्रकल्प नोंदी : शेतीच्या शब्दसंग्रहातील हरवलेले फॉन्ट

४ नोव्हेंबर २०२४, औसा

वाचनालयाने दिवंगत गुरुजींचा शेतीविषयक शब्दसंग्रह पुन्हा छापण्यायोग्य करण्याचे काम आजपासून हाती घेतले. निवृत्तीनंतर गुरुजींनी औसा, निलंगा आणि उमरगा या पट्ट्यातील गावे पालथी घालून औत, बी-बियाणे, जनावरे, विहिरी, खळे आणि सणवार यांसंबंधीचे शब्द गोळा केले होते. ते शब्द २००१ पासून टप्प्याटप्प्याने लातूरच्या एका डीटीपी केंद्रात टाइप होत गेले. त्या सगळ्या फाइली एका सीडीवर होत्या आणि त्यांच्या सूनबाईंनी ती सीडी जपून ठेवली, म्हणून आज हे काम शक्य झाले आहे. तिफणीचे चाडे, मोघा, दावण, गव्हाण हे शब्द ज्यांच्या तोंडी सहज होते ती पिढी आता थकली आहे. त्यामुळे या फाइलींतील एकही नोंद वाया जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचनालयाच्या नव्या संगणकावर फाइली वर्डमध्ये उघडून पाहिल्या. ग्रंथपाल बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, “सर, हे तर सगळं इंग्रजीच झालंय की.” बऱ्याच फाइलींत खरोखरच मराठीच्या जागी रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळी दिसत होत्या. मात्र सगळ्या फाइलींचे दुखणे एकसारखे नाही. काही फाइली स्वच्छ मराठीत उघडतात, पण त्यांचे वळण आणि पानांची मांडणी बदललेली असते. एका फाइलीत शीर्षकांच्या जागी रिकामे चौकोन आहेत. आणखी एका फाइलीत पानेच्या पाने नुसती प्रश्नचिन्हे आहेत. ‘फॉन्ट नाही’ या एकाच तक्रारीखाली लोक हे चारही प्रकार एकत्र करतात, परंतु त्यांची कारणे निराळी आहेत आणि उपायही निराळे आहेत. म्हणून पहिल्या दिवशी कोणत्याही फाइलीत बदल केला नाही. मूळ सीडीची प्रत दोन ठिकाणी ठेवून त्या प्रती ‘फक्त वाचण्यासाठी’ अशा केल्या.

६ नोव्हेंबर

आज प्रत्येक फाइलीत कोणते फॉन्ट वापरले आहेत याची यादी केली. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या क्रमाने गेल्यावर ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ नावाचे बटण आहे. ते दाबले की फाइलीला कोणता फॉन्ट हवा आहे आणि त्याच्या जागी सध्या कोणता वापरला जात आहे, हे समोरासमोर दिसते. फॉन्टच्या चौकटीवर विसंबून चालत नाही, कारण वर्ड त्या चौकटीत हरवलेल्या फॉन्टचेही नाव तसेच दाखवतो आणि बघणाऱ्याला वाटते की फॉन्ट संगणकावर आहे. लिब्रेऑफिस रायटर याबाबत अधिक स्पष्ट आहे; संगणकावर नसलेल्या फॉन्टचे नाव तो तिरप्या अक्षरांत दाखवतो. एकेक फाइल उघडत बसण्यापेक्षा मी जुन्या डॉक फाइलींच्या प्रती डॉकएक्स स्वरूपात रूपांतरित केल्या. डॉकएक्स फाइल ही मुळात एक झिप असते, ती उघडली की आत फॉन्टची सूची असलेली एक स्वतंत्र फाइल सापडते, आणि त्यावरून यादी झटपट तयार झाली.

यादीत मुख्यत्वे तीन घराणी निघाली. बहुतेक नोंदी कृती देव ०१० या फॉन्टात आहेत. पिकांचा विभाग डीव्हीबी-टीटी योगेश या फॉन्टात आहे, जो आयएसएम या भारतीय भाषांत टाइप करण्याच्या प्रणालीमुळे त्या काळी सरकारी कचेऱ्यांत सर्रास वापरात होता. पुढे कधीतरी लिहिलेली प्रस्तावना मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या संकेतनात, कोकिळा या फॉन्टात आहे.

पहिल्या दोन घराण्यांविषयी सविस्तर लिहून ठेवतो, कारण या कामात हात घालणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असले पाहिजे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. असे असले तरी आपल्याकडील घरगुती संगणकांवर देवनागरी नीट उमटायला विंडोज २०००, एक्सपीचा काळ उजाडावा लागला. तोवर फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक व्यवहारी मार्ग काढला होता : संगणकाला रोमन अक्षरेच साठवू द्यायची, आणि त्या अक्षरांच्या जागी फॉन्टात देवनागरीचे तुकडे रेखाटायचे. कृती देवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी आणि लहान एच असा साठवलेला असतो. फॉन्ट हजर असेल तर डोळ्यांना ‘मराठी’ दिसते आणि फॉन्ट गेला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. मजकूर तेव्हाही तसाच होता, आताही तसाच आहे.

यातूनच या प्रकल्पाचा पहिला नियम ठरवला आणि तो कागदावर लिहून संगणकाच्या वर चिकटवला : रूपांतर पूर्ण होईपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणाने, सगळा मजकूर निवडून त्याचा फॉन्ट बदलू नये. या फाइलींत एखादे रोमन अक्षर ‘म’ आहे की खरोखरच इंग्रजी ‘ई’ आहे, हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे त्या अक्षराला चिकटलेले फॉन्टचे नाव. ते नाव ही त्या कुलपाची किल्ली आहे. फॉन्ट संगणकावर नसला तरी चालतो, पण त्याचे नाव फाइलीतून पुसले गेले तर पुढचे काम फार अवघड होते. ‘मराठी दिसत नाही ना, मग मंगल हा युनिकोड फॉन्ट लावून बघा’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो की त्यापायी किती फाइली निकामी झाल्या असतील, या विचाराने वाईट वाटते.

९ नोव्हेंबर

लातूरला जाऊन आलो. डीटीपी केंद्र आता बंद आहे, पण ते चालवणाऱ्या काकांनी जुना संगणक माळ्यावर ठेवला होता आणि सुदैवाने तो सुरू झाला. “आम्ही कीबोर्ड बघत नव्हतो, हाताला सवय होती,” असे सांगत त्यांनी रेमिंग्टन या जुन्या टंकलेखन यंत्राच्या पद्धतीने ‘तिफण’ टाइप करून दाखवले. त्याच संगणकावर तो शब्द निवडून फॉन्ट बदलला तेव्हा पडद्यावर लहान एफ, लहान आर, मोठा क्यू, पूर्णविराम आणि लहान के अशी ओळ उभी राहिली. एफ म्हणजे वेलांटी, आर म्हणजे त, क्यू म्हणजे फ, पूर्णविराम म्हणजे अर्धा ण, आणि के म्हणजे काना. मराठी शब्दाच्या पोटात बसलेला हा पूर्णविराम पुढे लक्षात ठेवावा लागणार आहे, कारण ‘पूर्णविरामापुढे मोकळी जागा सोडा’ यासारखी नेहमीची साफसफाई या मजकुरावर चालवली तर शब्दच फुटतील. याच कारणासाठी सर्व संगणकांवरील ऑटोकरेक्ट बंद केले. कृती देवमध्ये लहान जे म्हणजे ‘र’ आणि मोठा जे म्हणजे ‘श्र’. ओळीचे पहिले अक्षर मोठे करण्याची वर्डची सवय ‘रास’ या शब्दाचे ‘श्रास’ करून टाकू शकते.

काकांच्या संगणकावरून फॉन्टच्या फाइली आणून वाचनालयात बसवल्या. या फाइली मी मूळ मजकूर वाचण्यासाठी आणि पडताळण्यासाठीच वापरणार आहे. नुसता फॉन्ट बसवून थांबणे हा उपाय मला मान्य नाही, कारण तशा फाइलीत शब्द शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, आणि तीच फाइल दुसऱ्या कोणाला पाठवली की तिथे सगळे पुन्हा रोमन दिसू लागते.

बसवताना दोन अडचणी आल्या, त्या इतरांनाही येतील. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटले की तो केवळ त्या लॉगिनपुरता बसतो. ग्रंथपाल बाईंच्या लॉगिनमध्ये बसवलेला फॉन्ट म्हणूनच विद्यार्थ्यांच्या लॉगिनमध्ये सापडेना. फाइलीवर उजवे क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडल्यावर तो सगळीकडे दिसू लागला. दुसरी अडचण नावाची होती. वर्ड फॉन्टला त्याच्या फाइलीच्या नावाने ओळखत नाही, तर फॉन्टच्या आत नोंदवलेल्या नावाने ओळखतो. शब्दसंग्रहाच्या एका फाइलीत फॉन्टचे हेच नाव मधली मोकळी जागा न सोडता लिहिलेले होते. फॉन्ट तोच असूनही वर्डच्या लेखी तो हरवलेलाच राहिला. तिथे मजकुराला हात न लावता लिब्रेऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्स, फॉन्ट्समधील ‘रिप्लेसमेंट टेबल’ वापरले. त्यामुळे पडद्यावर योग्य फॉन्ट दिसतो आणि फाइलीतील मूळ नाव जसेच्या तसे राहते. वर्डमधील ‘कन्व्हर्ट परमनंटली’ हे बटण मात्र मूळ नाव कायमचे पुसते, म्हणून त्याला स्पर्श करायचा नाही, असे सर्वांना सांगितले.

१४ नोव्हेंबर

पिकांच्या विभागातील एका फाइलीत ज्याची भीती होती तेच आधीच घडलेले आढळले. पूर्वी कोणीतरी संपूर्ण मजकुराला मंगल लावून फाइल सेव्ह केली होती. फॉन्टच्या सूचीत आता केवळ मंगल उरले आहे. मजकूर मात्र रोमन चिन्हांचाच दिसतो, कारण मंगल रोमन अक्षराच्या जागी देवनागरी काढत नाही.

कोणत्या जुन्या फॉन्टात तो मूळचा टाइप केला असावा, हे ठरवणे तुलनेने सोपे गेले. पानभर जागोजागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले मोठे ई हे अक्षर विखुरलेले दिसत होते. डीव्हीबी-टीटी घराण्यात काना त्या जागी असतो, आणि म, स, प यांसारखी अक्षरे अर्धे अक्षर अधिक काना अशा दोन तुकड्यांत साठवलेली असल्याने ते चिन्ह जवळजवळ प्रत्येक शब्दात येते. कृती देवचा मजकूर याहून वेगळा दिसतो. त्यात साधी इंग्रजी अक्षरे अधिक असतात, आणि कंसांच्या जागी पाव व अर्धा या अपूर्णांकांची चिन्हे दिसतात. ही दोन लक्षणे लक्षात ठेवली तर फॉन्टचे नाव नसतानाही बहुतेक वेळा घराणे ओळखता येते.

खरी कसोटी पुढे होती. गुरुजींनी प्रत्येक पिकापुढे त्याचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत दिले आहे : ज्वारीपुढे सॉर्घम बायकलर, करडीपुढे कार्थेमस टिंक्टोरियस, तुरीपुढे कजानस कजान, अंबाडीपुढे हिबिस्कस कॅनाबिनस. मूळ फाइलीत ही नावे टाइम्स न्यू रोमनमध्ये असली पाहिजेत. आता सगळेच मंगल झाल्यामुळे ती कोणती आणि मराठीचे तुकडे कोणते, हे प्रोग्रामला कळण्याची सोय राहिली नव्हती, आणि सरसकट रूपांतर केले तर शास्त्रीय नावांचा अर्थहीन मराठी चुरा होणार होता. बराच वेळ फाइलीच्या आतील रचना वाचत बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. वनस्पतींची शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत देण्याचा संकेत गुरुजींनी काटेकोरपणे पाळला होता, आणि फॉन्ट बदलणाऱ्याने फक्त फॉन्टच बदलला होता, तिरपेपणा तसाच राहिला होता. त्यामुळे तिरपा मजकूर वगळून उरलेल्या मजकुराला पुन्हा डीव्हीबी-टीटी योगेश हे नाव देता आले, आणि फाइल मूळ अवस्थेत परत आली. गुरुजींच्या शिस्तीने त्यांचे काम वाचवले, याचे फार समाधान वाटले.

२१ नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानामुळे मदतीला येणारे दोन्ही शिक्षक निवडणुकीच्या कामात होते. काम पुढे सरकले नाही. शीर्षकांतील रिकाम्या चौकोनांचे कारण तेवढे शोधले. तो सजावटी फॉन्ट ‘सिम्बॉल’ प्रकारचा आहे. अशा फॉन्टातील अक्षरे वर्ड युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात साठवतो आणि तिथे दुसऱ्या फॉन्टांकडे आकृती नसते, म्हणून रोमन अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. शीर्षके मोजकी आहेत, ती हाताने टाइप करू.

२८ नोव्हेंबर

रूपांतराचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून झाला. अक्षरामागे अक्षर बदलणे हा त्यातील सोपा भाग आहे. अवघड भाग क्रमाचा आहे, कारण जुने फॉन्ट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने साठवतात आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवते.

ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून कृती देवमध्ये ती आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यायला हवी. ‘तिफण’मध्ये तिला एकच अक्षर ओलांडायचे आहे, पण ‘स्थिती’सारख्या शब्दात तिला अर्धा स आणि थ हे पूर्ण जोडाक्षर ओलांडून मग बसावे लागते. रफाराची गोष्ट नेमकी उलटी आहे. ‘वर्षा’ या शब्दात तो सर्वांत शेवटी, कान्याच्याही नंतर टाइप केलेला असतो, आणि त्याला मागे नेऊन ‘ष’च्या आधी ठेवावे लागते. हे दोन नियम ज्या रूपांतरकात कच्चे असतात त्यातून निघालेल्या मजकुरात वेलांटीपाशी ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. पुष्कळ लोक हेही फॉन्टचेच दुखणे समजून एकामागून एक फॉन्ट बदलत बसतात. वास्तविक ते वर्तुळ म्हणजे वेलांटीला धरायला व्यंजन सापडले नाही, याची खूण असते.

पहिल्याच चाचणीत एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. काही शब्दांतील वेलांटी योग्य जागी जात होती, तर त्याच पानावरील त्याच शब्दात ती लटकत राहत होती. फाइलीच्या आत पाहिल्यावर उलगडा झाला. वर्ड मजकूर तुकड्यातुकड्यांनी साठवतो, आणि गुरुजींनी जिथे नंतर दुरुस्ती केली होती तिथे एकाच शब्दाचे दोन तुकडे झाले होते. वेलांटी एका तुकड्यात आणि तिचे व्यंजन दुसऱ्या तुकड्यात. एकाच फॉन्टाचे आणि सारख्याच स्वरूपणाचे लगतचे तुकडे आधी जोडून मग रूपांतर करण्याची पायरी घातल्यावर हा दोष गेला.

दुसरा दोष अधिक फसवा होता. ‘वखर दृ पेरणीआधी जमीन भुसभुशीत करण्याचे अवजार’ अशा नोंदी दिसू लागल्या. हा ‘दृ’ कुठून आला? मूळ फाइलीत तिथे लांब संयोगचिन्ह होते आणि ते टाइम्स न्यू रोमनमध्ये होते. त्या चिन्हाच्या जागी कृती देवमध्ये ‘दृ’ हे अक्षर आहे, आणि त्याहून लांब रेघेच्या जागी ‘कृ’ आहे. माझ्या एका मदतनीसाने आधी काही पाने इंटरनेटवरच्या रूपांतरकात चिकटवून आणली होती. तसे चिकटवताना फॉन्टची नावे गळून पडतात आणि रूपांतरक सगळ्याच मजकुराला कृती देव समजतो. हिंदी संकेतस्थळांवर वाक्याच्या मध्येच उगाच आलेले ‘दृ’ आणि ‘कृ’ ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्यांचे मूळ आता कळेल. प्रोग्राम प्रत्येक तुकड्याचे फॉन्टनाव तपासूनच पुढे जातो, त्यामुळे मूळ फाइलीवर तो चालवल्यावर संयोगचिन्हे जागेवर राहिली आणि शास्त्रीय नावेही शाबूत राहिली. चिकटवून आणलेली पाने रद्द केली.

७ डिसेंबर

मुद्रितशोधन सुरू झाले. ‘चऱ्हाट’ या नोंदीपाशी अडलो. रूपांतरानंतर ते ‘चर्हाट’ असे, ह वर रफार घेऊन आले. ‘दोऱ्या’चे ‘दोर्या’ आणि ‘कोपऱ्यात’चे ‘कोपर्यात’ झाले होते. आधाराला घेतलेली रूपांतराची सारणी हिंदीसाठी तयार केलेली होती, आणि हिंदीला या ‘ऱ’ची गरज पडत नसल्याने तिच्यात त्याचा नियमच नव्हता. मराठीत मात्र आचार्य आणि आचारी यांची सामान्यरूपे या एका खुणेवर वेगळी होतात : ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. नियम घातला. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे साठवता येते, एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पाय मोडण्याची खूण, किंवा साधा र, पाय मोडण्याची खूण आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे पडद्यावर न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीचा शब्द सापडेलच असे नाही. आम्ही संपूर्ण संग्रहात पहिली पद्धत ठेवली. ‘ॲ’च्या बाबतीतही तेच केले : हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. त्याआधीच्या युनिकोड फॉन्टांत ते नसल्याने ‘ॲल्युमिनिअम’ या शब्दाच्या आरंभी चौकोन दिसत होता. इथे दोष मजकुराचा नसून खरोखरच फॉन्टाचा होता, आणि फॉन्ट बदलताच तो मिटला.

ल आणि श यांच्या वळणाचाही प्रश्न आला. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयाप्रमाणे मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ अपेक्षित आहे. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावरून निवड होते. आमच्या फाइलींत भाषा ‘इंग्रजी’ अशी नोंदलेली होती, कारण वर्डच्या दृष्टीने तो इतकी वर्षे रोमन मजकूरच होता. भाषा मराठी केल्यावर अक्षरे आपल्या वळणावर आली.

१६ डिसेंबर

प्रश्नचिन्हांच्या फाइलीचा निकाल लागला, आणि तो दुःखद आहे. विहिरींच्या विभागातील ही नोंदवही आधी युनिकोडमध्ये टाइप करून मग कोणीतरी साध्या टेक्स्ट स्वरूपात, एएनएसआय या जुन्या संकेतनात सेव्ह केली होती. त्या संकेतनात देवनागरीला जागाच नसते, म्हणून सेव्ह करतानाच प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. वर्डने सेव्ह करण्यापूर्वी तशी सूचनाही दिली असणार. येथे कोणताही फॉन्ट, कोणताही प्रोग्राम उपयोगी नाही. मागे राहिली आहे ती फक्त शब्दांची लांबी. विशेष म्हणजे कृती देवची फाइल अशीच टेक्स्ट म्हणून सेव्ह केली असती, तर फॉन्टचे नाव गेले असते, पण अक्षरे जगली असती.

बारव, आड, मोट, धाव, थारोळे हे शब्द त्या विभागात होते, एवढे गुरुजींच्या हस्तलिखित अनुक्रमणिकेवरून कळते. सूनबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊ, मामंजींनी त्याचं प्रिंट काढलं होतं, कपाटात बघते.”

३१ डिसेंबर

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण होता, सगळे शेतावर गेले होते, वाचनालय बंद होते. आज ‘येळवस’ ही नोंद तपासली. मूळ फाइलीत ती अर्धविराम, लहान एस, मोठा जी, लहान ओ आणि लहान एल अशी आहे; रूपांतरानंतर ती बिनचूक उतरली आहे, आणि तिच्याखालील कोप, आंबील, भज्जी, उंडे हे शब्दही. सूनबाईंनी विहिरींच्या विभागाची छापील पाने आणून दिली. मधली काही पाने नाहीत.

८ जानेवारी २०२५

छपाईसाठी फॉन्ट निश्चित करण्यावर आज चर्चा झाली. प्रस्तावना कोकिळा या फॉन्टात होती. नव्या विंडोजमध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मुळात बसवलेले नसतात. ते ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात ठेवलेले आहेत आणि सेटिंग्जमधील ऑप्शनल फीचर्समधून उतरवून घ्यावे लागतात. कोकिळाच्या जागी निर्मला यूआय आला होता. कोकिळाची अक्षरे त्याच आकड्याला बरीच लहान दिसतात, म्हणून प्रस्तावना वाढून तिची पाने ढळली होती. मजकूर सुरक्षित असल्यामुळे तो प्रश्न केवळ मांडणीचा होता.

पुढे असे हरवणे टळावे म्हणून संपूर्ण संग्रहासाठी मुक्त परवान्याचा फॉन्ट घ्यावा, असे मी सुचवले. नोटो सेरिफ देवनागरी, ‘मुक्त’ याच नावाचा फॉन्ट आणि आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका, असे तीन नमुने छापून पाहिले. ज्येष्ठ वाचकांनी शोभिकाला पसंती दिली. जोडाक्षरे त्यात ठसठशीत दिसतात. या परवान्यामुळे फॉन्ट फाइलीसोबत देण्याला आणि फाइलीत अंतर्भूत करण्याला आडकाठी नाही. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह येथे ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ ही खूण केली, आणि ‘फक्त वापरलेली अक्षरे’ हा पर्याय मुद्दाम घेतला नाही, कारण पुढे कोणाला नवी नोंद घालायची झाली तर लागणारे अक्षर त्यात नसू शकते. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय फाइलच्या प्रॉपर्टीजमधील फॉन्ट या विभागात आहे.

फॉन्ट लावताना एक खबरदारी घ्यावी लागली. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हीही रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळा नोंदवतात. रूपांतरानंतर देवनागरीला शोभिका लागला, पण रोमनच्या रकान्यात कृती देव तसाच राहिला होता. त्यामुळे कोणी तिथे इंग्रजी शब्द टाइप केला तर तो मराठी तुकड्यांत उमटत होता. शैलीच्या पातळीवर दोन्ही रकाने दुरुस्त केले. काही परिच्छेदांत ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ असे ठरावीक ठेवलेले होते, त्यामुळे नव्या फॉन्टात वेलांट्यांचे आणि मात्रांचे शेंडे छाटले जात होते. ते ‘सिंगल’ केल्यावर पूर्ण दिसू लागले.

१७ जानेवारी

अंतिम पीडीएफ तयार झाली. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधील फॉन्ट्स या भागात प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ असे लिहिलेले आहे, आणि कृती देव किंवा डीव्हीबी-टीटीचे नाव कुठेही उरलेले नाही, हे मुद्रकाकडे देण्यापूर्वी मी आणि ग्रंथपाल बाईंनी मिळून तपासले. संपादनाची फाइल, फॉन्टच्या फाइली, त्यांचा परवाना, रूपांतराचा प्रोग्राम आणि मूळ सीडीची बदल न केलेली प्रत असे सर्व एकाच फोल्डरमध्ये ठेवले. मूळ प्रत काढून टाकू नये असे सोबतच्या टिपणात लिहिले आहे, कारण रूपांतरातील एखादा दोष उद्या कोणाच्या लक्षात आला तर पडताळायला तीच लागेल.

विहिरींच्या विभागातील छापील पाने टाइप करून झाली. जी पाने मिळाली नाहीत त्यांतील शब्दांची यादी गुरुजींच्या अनुक्रमणिकेवरून काढली आहे. त्यांचे अर्थ विचारण्यासाठी पुढच्या आठवड्यात दोन्ही शिक्षक निलंगा तालुक्यातील ज्या गावांतून गुरुजींनी ते घेतले होते तिथे जाणार आहेत.